मोबाइलवर हवा ‘समाधानकारक’, मग घणसोलीत खोकला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नवी मुंबईच्या घणसोलीतले एक कुटुंब. डिसेंबरात सरकारी ॲपवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, ९५, शेरा ‘समाधानकारक’. त्याच वेळी परदेशी ॲपवर १५२ आणि लाल रंग. घरात आईचा खोकला थांबत नाही, रात्री अकरानंतर उग्र वास येतो, खिडकीच्या काचेवर दोन दिवसांत काळपट थर बसतो. खरे काय मानायचे? आणि हवेचे आहेत तेच निकष पाळले जात नसतील, तर ते आणखी कडक करून काय साधणार?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हवेचे नमुने घेणे आणि कारखान्यांचे, बांधकाम प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार आहे. पहिला तसा लवकर सुटतो.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. हवा एकच आणि कणही तेवढेच; फक्त किती कणांना काय म्हणायचे, हे दोन देशांनी वेगवेगळे ठरवले आहे. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, हवेच्या एका घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम आहेत यावर हा खेळ चालतो. भारतीय निर्देशांकात ३१ ते ६० मायक्रोग्रॅम म्हणजे ‘समाधानकारक’. तुमचा ९५ हा आकडा पीएम २.५ मुळे आला असेल, तर हवेत साधारण ५७ मायक्रोग्रॅम होते. अमेरिकेच्या मोजपट्टीवर ५५.५ पासूनच ‘अनारोग्यकारक’ पट्टा सुरू होतो, म्हणून तिथे १५२. आणखी एक फरक आहे. आपला आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो, तर परदेशी ॲप्स सहसा ताज्या तासांना जास्त वजन देतात. त्यामुळे सकाळी सात वाजता तुमचे सरकारी ॲप आदल्या दुपारची चांगली हवासुद्धा हिशेबात धरत असते.

ही सरासरीच तुमच्या भागात सर्वांत जास्त फसवते. घणसोली, कोपरखैरणे, वाशी या वसाहती खाडीच्या बाजूला. मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता. रस्त्याच्या पूर्वेला टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा आणि त्याच्या पाठीशी पारसिकची डोंगररांग. हिवाळ्यात दुपारी खाडीवरून, समुद्राकडून वारा येतो आणि हवा मोकळी करतो. रात्री तो पडतो, उलटा वाहू लागतो: डोंगराकडून कारखान्यांवरून वसाहतींकडे. त्याच वेळी जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर वर चढू शकत नाही. रात्री अकरा ते सकाळी आठ या वेळात तुमच्या खिडकीशी जे असते आणि दुपारी चारला जे असते, त्यात फार मोठी तफावत पडते. २४ तासांच्या सरासरीत ती तफावत सपाट होऊन जाते. आईचा खोकला मात्र सरासरीवर चालत नाही. (त्यासाठी डॉक्टरांकडे जा. मी हवेबद्दल बोलू शकतो, फुप्फुसांबद्दल नाही.)

ठाण्याला हेच दुसऱ्या रूपात दिसते. पश्चिमेला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये घोडबंदर रस्ता. त्यावर मेट्रोचे खांब, गायमुखच्या चढावर रांगेत उभे कंटेनर आणि दोन्ही हातांना टॉवरची बांधकामे. उपवनला तळ्याकाठी लावलेल्या यंत्राचा आकडा आणि माजिवड्याच्या पुलाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाणारी हवा, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. मापन केंद्र रस्त्यापासून, झाडांपासून ठरावीक अंतरावर असावे असे नियम आहेत आणि त्यांना शास्त्रीय कारणही आहे. यंत्राने परिसराची हवा सांगावी, एका सायलेन्सरची नव्हे. पण माणसे सायलेन्सरच्या उंचीवरच राहतात आणि चालतात.

वासाचे वेगळे. रात्रीचा जो उग्र वास तुम्ही सांगता, तो एक्यूआयमध्ये बसतच नाही. २००९ च्या राष्ट्रीय निकषांत बारा प्रदूषके आहेत, आणि कारखान्यांतून निसटणाऱ्या असंख्य सेंद्रिय वायूंपैकी त्यात वेगळा निकष आहे तो बेंझिनला. सॉल्व्हंट, मर्कॅप्टनसारखी उग्र वासाची गंधक-संयुगे, हायड्रोजन सल्फाइड यांना सभोवतालच्या हवेसाठी राष्ट्रीय निकषच नाही. त्यामुळे खारघर-कामोठ्याची माणसे तळोजा औद्योगिक वसाहतीच्या वासाची तक्रार करतात, अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन धूलिकण मोजतात, अहवाल ‘मर्यादेत’ येतो आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या ठरतात. ॲपवरचा आकडा वासावर उत्तर देऊ शकत नाही, त्याला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

आता मुख्य मुद्दा. निकष कडक करून काय साधणार?

आधी निकष काय आहेत ते पाहू. पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी ४० आणि २४ तासांची ६०. पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, ६० आणि १००. नायट्रोजन डायऑक्साइड वार्षिक ४०. हे १८ नोव्हेंबर २००९ चे आकडे आहेत आणि आजही तेच लागू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२१ मध्ये आपली मूल्ये बदलली: पीएम २.५ वार्षिक ५, दिवसाची १५; नायट्रोजन डायऑक्साइड वार्षिक १०. इतका फरक बघून लोक चिडतात, आणि सरकार संसदेत सांगते की ती मूल्ये केवळ मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत. दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. आरोग्य संघटनेनेच मधले टप्पे दिले आहेत: ३५, २५, १५, १० आणि मग ५. आपला ४० हा वार्षिक आकडा त्यांतल्या पहिल्या, सर्वांत सैल टप्प्याच्याही बाहेर आहे. न्यायाने हेही सांगायला हवे की आपला दिवसाचा ६० हा आकडा त्यांच्या पहिल्या टप्प्यातल्या ७५ पेक्षा कडक आहे, आणि पीएम १० चे आपले निकष पहिल्या टप्प्याच्या पुढे आहेत. म्हणजे सगळेच सैल नाही. बारीक कणांचा वर्षभराचा भार ही खरी ढिली जागा आहे. आणि आरोग्यावरचा दूरगामी परिणाम, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, याच वर्षभराच्या भाराशी जोडलेला आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये हा वार्षिक आकडा १२ वरून ९ वर आणला. युरोपीय संघाने त्याच वर्षी २५ वरून १० वर येण्यासाठी २०३० ची मुदत ठरवली.

‘पाळलेच जात नाहीत’ या आक्षेपामागे एक समजूत असते की निकष म्हणजे हवेने गाठायची इयत्ता. हवा नापास झाली तरी कुणाला शिक्षा नाही, मग इयत्ता वाढवून काय फायदा? व्यवहारात निकष वेगळ्याच ठिकाणी कामाला येतो. तो परवानगीच्या कागदावर येतो.

उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते. समजा तळोज्यात एका कंपनीला नवे युनिट टाकायचे आहे. आम्ही परिसरात एका ऋतूभर नमुने घेतो. पीएम १० ची आधीची पातळी येते ८४. चिमणीची उंची, इंधन, वारा हे सगळे एअरमॉडसारख्या गणिती मॉडेलमध्ये घालून नव्या युनिटची भर काढतो. ती येते ०.९. बेरीज ८४.९. २४ तासांचा निकष १००. अहवालात एक ओळ लिहिली जाते: ‘अपेक्षित पातळी राष्ट्रीय निकषांच्या आत राहील.’ प्रकल्प मंजूर. शेजारचा दुसरा प्रकल्पही तीच पातळी धरून आपली भर जोडतो, तोही आत. तिसराही. प्रत्येकाची भर एकेकटी पाहिली की क्षुल्लकच असते. १०० पर्यंतची रिकामी जागा, म्हणजे १५-१६ मायक्रोग्रॅम, कायदेशीरपणे वाटून टाकली जाते. यात कुणी खोटेपणा केला असे नाही, गणित बरोबर असते. फक्त ज्या आकड्याशी तुलना होते, तोच उंच ठेवलेला असतो.

आता तोच आकडा ७५ करा. आधीच्या पातळीतच निकष ओलांडलेला दिसेल. अहवाल लिहिणाऱ्याला ती ओळ लिहिताच येणार नाही. कंपनीला कोळशाऐवजी पाइप्ड गॅस, धूर फिरवून जाड धूळ वेगळी करणाऱ्या साध्या सायक्लोनऐवजी बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) असे काहीतरी ठोस मांडावे लागेल. तज्ज्ञ समितीला ‘ही भर कुठून कमी करणार?’ असे विचारायला कायदेशीर आधार मिळेल. न्यायालयात गेलेल्या रहिवाशालाही. निकष कडक केल्याने उद्याची हवा साफ होत नाही, पण पुढच्या दहा वर्षांच्या परवानग्या बदलतात, आणि आपल्या पट्ट्यात पुढच्या दहा वर्षांत काय काय उभे राहणार आहे हे तुम्ही पाहताच आहात: नव्या विमानतळाभोवतीची शहरे, ऐरोली-रबाळे-महापेतली डेटा सेंटर आणि त्यांच्या मागे ओळीने बसवलेले डिझेल जनरेटर.

यात एक बारीक गोष्ट आहे, जी फार लोकांना ठाऊक नसते. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार प्रकल्पाला जनसुनावणी लागते, तीस दिवसांची नोटीस लागते, स्थानिक भाषेत सारांश लागतो. पण मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतल्या प्रकल्पांना आणि बांधकाम प्रकल्पांना त्यातून सर्वसाधारणपणे सूट आहे. म्हणजे नवी मुंबईत कारखाना आणि ठाण्यात टॉवर, ज्यांचा तुम्हाला त्रास होतो त्या दोन्ही गोष्टी तुम्हाला न विचारता मंजूर होतात. तिथे रहिवाशांच्या बाजूने बोलणारे काही असेल तर तो एकच आकडा असतो.

निकष बदलल्याने जमिनीवर फरक पडतो याचे उदाहरण याच पट्ट्याला लागू झालेले आहे. १९९४ च्या निकषांत औद्योगिक आणि निवासी भागांना वेगळे आकडे होते. श्वसनयोग्य धूलिकणांची, म्हणजे पीएम १० ची, वार्षिक मर्यादा निवासी भागात ६०, औद्योगिक भागात १२०. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका बाजूला १२० चालेल आणि दुसऱ्या बाजूला ६०, वाऱ्याने मध्ये थांबून पाटी वाचावी अशी ती अपेक्षा होती. २००९ मध्ये हा भेद काढून टाकला; दोन्हीकडे ६०. तेव्हाही हीच ओरड झाली की जुने पाळले जात नाहीत, नवे कसे पाळणार. त्याच सुमारास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात नवी मुंबई, डोंबिवली आणि तारापूर ‘अतिप्रदूषित’ ठरले आणि २०१० मध्ये अशा भागांतल्या नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या काही काळ रोखल्या गेल्या. दोन्ही गोष्टींनंतर माझ्या ग्राहकांचे प्रश्न बदलले. ‘रिपोर्ट कधी मिळेल?’ ऐवजी ‘बॅग फिल्टर बसवायला किती खर्च येईल?’ असे विचारणारे फोन येऊ लागले. सगळे सुधारले असे मी म्हणणार नाही, पण चर्चा कागदावरून यंत्रावर आली.

वाहनांचे तर सर्वांसमोर आहे. वाहनांच्या धुराच्या भारत स्टेज निकषांत बीएस-४ वरून पाचवा टप्पा गाळून थेट बीएस-६ वर जायचे ठरले तेव्हा वाहन उद्योग अवघड आहे म्हणत होता. १ एप्रिल २०२० ला ते देशभर लागू झाले आणि डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० वर आले. मात्र जुना ट्रेलर अजून रस्त्यावर आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा उरणजवळच्या जेएनपीए बंदराकडे जाणाऱ्या रांगेत उभे राहिलात तर नवे निकष आणि जुनी इंजिने एकाच नजरेत दिसतील.

कडक निकषांविरुद्ध एक आक्षेप मला मान्य आहे. किनारपट्टीच्या हवेत समुद्री मिठाचे कण असतात, उन्हाळ्यात दूरवरची धूळ येते, आणि हा भाग आपण कितीही केले तरी कमी होत नाही. म्हणून उद्याच पीएम २.५ साठी वार्षिक ५ चा आकडा लिहून ठेवा असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. तो पाळला जाणार नाही आणि मग सगळ्याच आकड्यांचा धाक जाईल. माझे मत असे की आधी वार्षिक २५, त्याला तारीख. मग १५, त्यालाही तारीख. आणि प्रत्येक तारखेआधी परवानग्यांच्या हिशेबात पुढचाच आकडा धरायचा. ४० वर सोळा वर्षे बसून राहण्याला मात्र शास्त्रीय समर्थन उरलेले नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये आला. त्यात ठाणे, नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर, मुंबई ही सगळी शहरे आहेत. पण शहरांची प्रगती पीएम १० वर तपासली जाते. पीएम १० मध्ये जाड धूळ जास्त, म्हणून महापालिकांचा पैसा आणि लक्ष रस्ते झाडणाऱ्या यंत्रांकडे आणि पाण्याचे तुषार उडवणाऱ्या तोफांकडे जाते. राडारोड्याच्या डंपरवर ताडपत्री, बांधकामाभोवती उंच पत्रे, रेडीमिक्स प्लांटच्या दारात चाके धुण्याचा हौद, हे सगळे हवेच आणि त्याने फरक पडतो. पण बारीक कणांचा मोठा भाग मुळात धूळ नसतोच. सल्फर डायऑक्साइडचे हवेतच सल्फेट होते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा अमोनियाशी संयोग होऊन नायट्रेट होते. सल्फर डायऑक्साइड स्वतःच्या निकषात आरामात उत्तीर्ण होतो आणि नंतर कण होऊन पीएम २.५ मध्ये हजेरी लावतो. चौकातल्या तुषारतोफेने ते खाली बसत नाहीत. ती तोफ फोटोत छान दिसते, एवढे नक्की.

तिसरी गोष्ट हद्दीची. भिवंडीच्या गोदामांकडून निघालेला ट्रक ठाणे, नवी मुंबई, पनवेल अशा तीन महापालिकांतून उरणला जातो. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये फक्त खाडी आहे. प्रत्येक महापालिकेचा आराखडा मात्र आपल्या हद्दीवर संपतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये हवेचा प्रश्न स्वतःहून हाती घेतल्यावर निदान या यंत्रणांना एकत्र उत्तर द्यावे लागले. पण एक हवा, एक आराखडा ही व्यवस्था महानगर प्रदेशात अजून नाही, आणि ती नसेल तर कडक निकष ओलांडल्याची जबाबदारी नेमकी कुणाची, यावरच वर्षे जातील. दंडाचेही तसेच. हवा कायद्यातली तुरुंगवासाची बरीच कलमे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने जाऊन त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे. मोठ्या कंपनीला १५ लाख हा खर्चाच्या वहीतला एक आकडा असतो.

घरापुरते सांगायचे तर ॲपवर एक्यूआय बघू नका, तासागणिक पीएम २.५ बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आईचे फिरणे सकाळी सहाऐवजी दुपारी चारनंतर न्या, खिडक्या दुपारी उघडा आणि रात्री लावा. डासांची कॉइल आणि धूप बंद करा. बंद खोलीत त्यांचे कण बाहेरच्यापेक्षा जास्त होऊ शकतात. एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर लक्षात ठेवा, हेपा फिल्टर कण पकडतो, वास पकडत नाही. त्यासाठी कार्बनचा जाड थर लागतो आणि तो वारंवार बदलावा लागतो. स्वस्त सेन्सरचे आकडे दमट हवेत फुगतात, त्यामुळे पावसाळ्यात त्यावरून भांडू नका.

सोसायटीने करायचे काम वेगळे. वासाची तक्रार ‘रोज रात्री वास येतो’ अशी करू नका. तारीख, वेळ, वारा कुठून होता, वास कशासारखा, अशी महिनाभराची वही ठेवा आणि ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. रात्रीची तपासणी मागा. वाऱ्याची दिशा जुळवली की संशयितांची यादी पन्नासवरून चार-पाचवर येते. कारखान्यांची संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतात. त्यात इंधन कोणते आणि चिमणी किती उंच, हे लिहिलेले असते.

आणि माहितीच्या अधिकारात एकच नेमका प्रश्न विचारा. २००९ च्या अधिसूचनेत असे आहे की २४ तासांचा निकष वर्षातले ९८ टक्के दिवस पाळला गेला पाहिजे. उरलेल्या २ टक्क्यांत, म्हणजे साधारण सात दिवसांत, तो ओलांडला तर चालेल, पण सलग दोन दिवस नाही. तुमच्या जवळच्या केंद्रावर गेल्या वर्षी पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी कोणकोणत्या तारखांना ६० च्या वर होती, त्यांत सलग दिवस किती होते आणि त्या दिवसांनंतर मंडळाने कोणती कारवाई केली, एवढे विचारा. ‘हवा खराब आहे का?’ असे विचारलेत तर उत्तरात पुन्हा वार्षिक सरासरीच येईल.